सोबतीण

आमच्या घरातल्या लाकडी पेटीत अगदी तळाला एक काळी घोंगडी आहे. दसऱ्याच्या आधी घरातलं सगळं धुणं निघतं, तेव्हा ती धुवायची नाही, नुसती उन्हात टाकायची, असा आबांनी घालून दिलेला नियम आहे. ऊन तापलं की अंगणात मेंढरांचा वास सुटतो. घोंगडीचं वय आता ८० च्या पुढं आहे, तरी तिनं आपलं मूळ सोडलेलं नाही.

तिचा जन्म खानापूर तालुक्यातला. विट्याच्या पलीकडं माणदेशाकडं जावं तसा पाऊस आटत जातो आणि मेंढरं वाढत जातात. धनगरानं कातरलेली लोकर पिंजायची, बायकांनी सूत काढायचं, मग सणगरानं ते मागावर चढवायचं. ताण्याला चिंचोक्याची खळ. त्या खळीमुळं नवी घोंगडी पत्र्यासारखी ताठ असते आणि अंगाला टोचते. टोचणं हा तिचा दोष नाही, तो तिचा तरुणपणा आहे. दोन-चार वर्षं अंगाखाली, अंगावर वागवली की ती मऊ होते. वागवणाराही तोवर जरा टणक झालेला असतो.

आबा, म्हणजे माझे आजोबा, १९४१ साली ही घोंगडी खांद्यावर टाकून साताऱ्याला शिकायला गेले. सांगली नावाचा जिल्हा तेव्हा नव्हता. विटा, तासगाव, वाळवा सगळं साताऱ्यातच मोडायचं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे घोंगडी गेली ती आपल्याच जिल्ह्याच्या गावाला. तरी पणजीला तो परमुलूखच वाटला होता. तिनं भाकऱ्या बांधून दिल्या आणि घोंगडीच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याची एक खूण घातली, चार पोरांत आपली ओळखू यावी म्हणून.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेनं १९३५ मध्ये सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं होतं. खेड्यांत शाळा नव्हत्या, आणि शाळा काढली तरी तिथं राहायला मास्तर तयार नव्हते. म्हणून खेड्यातलीच पोरं आणायची, त्यांना मास्तर करायचं आणि पुन्हा खेड्यांत धाडायचं. भाऊरावांचा जन्म कुंभोजचा, घर वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. या भागातल्या पोराच्या डोक्यात काय असतं आणि पोटात काय नसतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

तिथला दिवस आबांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितला आहे की तो मला घोंगडीच्या घड्यांवरूनच आठवतो. पहाटे अंधारात उठायचं आणि पहिलं काम घोंगडी झटकून तिची घडी भिंतीशी लावायची. घडी वाकडी लागली तर पुन्हा. मग प्रार्थना, झाडलोट, शेतात कुदळ-खोऱ्याचं काम. त्यानंतर वर्ग, शिकवण्याचे सराव पाठ, त्यांची टाचणं. स्वयंपाकाला पाळी. रात्री कंदिलाभोवती वाचन, आणि घोंगड्या पुन्हा एकीला एक लावून अंथरायच्या. काम करून शिकायचं, ‘कमवा आणि शिका’; कुणाच्या उपकारात राहायचं नाही.

या अंथरण्यापाशी मला थांबायचं आहे.

आपल्या जुन्या समजुतीत लोकरीला विटाळ नाही. सोवळ्याच्या घरात सुती धोतराला कुणी शिवलं तर ते बाटतं, पण लोकरीची धाबळी बाटत नाही. हा नियम ज्यांनी केला त्यांनी तो आपल्या सोयीसाठी केला. त्यातून माणसं जवळ यावीत असं त्यांच्या मनातही नव्हतं. भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी पोरं एका छपराखाली आणली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कर्मठ जैन घरातल्या. पण याच पोरांना त्यांनी आपल्या हातानं जेवू घातलं, आणि धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९२७ मध्ये महात्मा गांधी ते बोर्डिंग बघायला आले. पंगतीची ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. रात्रीची मात्र कुणी सांगत नाही. थंडीत एका घोंगडीत दोन पोरं निजायची. कोण कोणाचा, हे काळ्या लोकरीखाली दिसत नाही. आबा म्हणायचे, पंगतीत शेजारी बसायला मला आठ दिवस लागले, पण थंडीनं एका रात्रीत शिकवलं.

अमेरिकेत युटा राज्यातल्या प्रोव्हो गावी मॉर्मन पंथाच्या तरुण मिशनऱ्यांचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे. त्याविषयी वाचताना मला वरचेवर साताराच आठवत होता: पहाटेपासून बांधलेला दिवस, पुढ्यात अनोळखी मुलूख, आणि घरापासून तोडून घेतलेलं कोवळं वय. हेतू वेगळा. ती मुलं धर्म सांगायला निघतात, ही बाराखडी शिकवायला निघाली. आणखी एक फरक मोठा आहे. मॉर्मन मिशनऱ्यानं एकट्यानं राहायचं नाही, त्याला जोडीदार नेमून दिलेला असतो. आबांना संस्थेनं जावळीच्या खोऱ्यात धाडलं तेव्हा तिथं शाळा एकशिक्षकी होती. जोडीला होती ती ही घोंगडीच.

१९३८ पासून अशा व्हॉलंटरी शाळा निघू लागल्या होत्या; पुढं त्यांची संख्या ५०० च्या वर गेली. बहुतेकांना इमारत नव्हतीच. देऊळ, चावडी, कुणाची पडवी, जे मिळेल ते. जावळीचा पाऊस म्हणजे माणदेशच्या मेंढराला स्वप्नातही न दिसणारा. घोंगडीची खोळ करून आबा डोंगर उतरायचे. पहिल्या सरी ती अंगावरून ओघळू देते, पण दोन-तीन तासांनी पाणी आत मुरतं आणि मग ती दोन माणसांच्या वजनाची होते. तिथं ती वाळायला आठवडा लागे. लांबलेल्या कामाला भिजत घोंगडं का म्हणतात, ते मला आबांच्या त्या पावसाळ्यांवरून कळलं. १९४३ नंतर नाना पाटलांच्या प्रतिसरकारची माणसं रात्री-अपरात्री यायची. त्यांतलं कुणीतरी या घोंगडीत पहाटेपर्यंत झोपून गेल्याचं आबा सांगत. नाव मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

शाळा देवळात भरायची. महारवाड्यातली चार पोरं पायरीखाली उभी राहून धडा ऐकायची. आबांनी दोन दिवस ते पाहिलं. गावाशी भांडावं तर शाळाच बंद पडेल, आणि गप्प राहावं तर साताऱ्यातल्या त्या रात्री फुकट. तिसऱ्या दिवशी त्यांनी शाळा बाहेर आणली. देवळासमोरच्या पारावर घोंगडी अंथरली आणि सगळ्या पोरांना तिच्यावर बसवलं. दोन म्हातारे तक्रार घेऊन आले. आबांनी त्यांनाच विचारलं, “बाबा, लोकरीला विटाळ असतो का?” म्हातारे थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले. पाऊस नसेल त्या प्रत्येक दिवशी शाळा मग पारावरच भरली. पुढच्या वर्षी गावानंच छप्पर घालून दिलं, सगळ्यांना आत बसता येईल असं.

यात शौर्य होतं असं आबा कधी म्हणाले नाहीत. मला ते वाटतं. विशीतला पोरगा, परक्या गावात एकटा, पगार बेताचा, आणि हातात फक्त एक अंथरूण. भाऊरावांनी पोरांना काय शिकवून पाठवलं याचा अंदाज मला संस्थेच्या इमारतींवरून येत नाही, या घोंगडीवरून येतो.

एकदा शेकोटीची ठिणगी पडून तिला भोक पडलं. गावातल्या एका म्हातारीनं ते रफू करून दिलं, पण तिच्याकडं लोकर होती पांढरी. काळ्यावर तो पांढरा डाग आजही आहे. आईनं एकदा तो रंगवायला काढला तर आबा तिच्यावर रागावले. सुनेवर ते रागावल्याचं तेवढं एकदाच ऐकलं.

यंदा उन्हात टाकताना मी ती दोन्ही हातांनी उजेडाकडं धरली. कडा शाबूत आहेत, लाल दोऱ्याची खूणही टिकली आहे. मधला भाग विरला आहे, चाळणीसारखा. तिथून ऊन आरपार येतं. माणूस निजून झिजली असती तर ती लांबट झिजली असती. ही गोल झिजली आहे, पोरं कोंडाळं करून बसतात तशी.