कस

मराठीत ‘निकष’ म्हटलं की सरकारी परिपत्रक डोळ्यांपुढे येतं : पात्रतेचे निकष, अनुदानाचे निकष. संस्कृतात मात्र निकष म्हणजे सोनं घासून पाहायचा काळा दगड. कसोटी तीच. इथे वडोदऱ्यात शाळेतल्या घटक चाचणीला ‘एकम कसोटी’ म्हणतात, आणि दगड कुणालाच आठवत नाही.

मी तो दगड जवळून पाहिला तो आईच्या पाटल्या मोडायच्या ठरल्या तेव्हा. पाटल्या दोन, भावंडं तीन. सोनाराने पाटली दगडावर ओढली, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची दुसरी रेघ ओढली आणि दोन्हींवर आम्ल लावलं. तांबं-चांदी विरघळते, सोनं जागेवर राहतं. किती राहिलं ते डोळ्यांनी ताडायचं. 22 कॅरट, म्हणजे शंभरात 91.6 भाग सोनं. पावतीशी जुळलं.

वजन जुळलं नाही. पावतीवर चार तोळे, म्हणजे 46.6 ग्रॅम. काट्यावर 45.2. आईच्या आजारपणापासून पाटल्या माझ्याकडे होत्या. दादा काही बोलला नाही. ताई पावती पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

सोनं गंजत नाही, काळवंडत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यामुळे ते कमी होतं हे पचत नाही. पण शुद्ध सोनं जेमतेम नखाइतकं कठीण. ग्रॅमभर सोनं ठोकून जवळजवळ चौरस मीटरभर वर्ख होतो. तांबं-चांदी मिसळली तरी ते मऊच. शिवाय पाण्याच्या 19 पट जड, म्हणून झीज डोळ्यांना दिसायच्या आधी काट्याला कळते. 40 वर्षं त्या पाटल्या एकमेकींवर, मोरीच्या दगडावर, पितळी पातेल्यांवर घासत होत्या. सोनाराने कड दाखवली. नक्षी पार गेलेली. आणि कसोटीचा दगडही दर खेपेला थोडं ठेवून घेतोच.

‘तावून सुलाखून’मधलं सुलाखणं म्हणजे नाणं खरं की खोटं हे पाहायला त्याला भोक पाडणं. इंग्रजीत त्याचं नुसतं ‘टेस्टेड’ होतं, भोक हरवतं. खरं ठरलेल्या नाण्यालाही ते असतंच की.

मुशीतून निघालेल्या लगडीचे तीन तुकडे झाले, प्रत्येकी 15 ग्रॅमच्या आसपास. पावती ताईने पर्समध्ये ठेवली. मी मागितली नाही.