मुख्याध्यापिकेच्या पाठीशी

न्यू जर्सीत उभी हयात हिशेब तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर एका चार्टर शाळेच्या विश्वस्त मंडळावर गेले, तेव्हा वाटलं, इथेही आकडेच बघायचेत. निम्मं काम निघालं ते नव्या मुख्याध्यापिकेला तोलून धरण्याचं.

चार्टर शाळेचा पैसा सरकारी, फी नाही, जागा कमी पडल्या तर प्रवेश सोडतीनं आणि कारभार स्वतंत्र मंडळाचा. मिनेसोटानं १९९१ मध्ये असा पहिला कायदा केला. न्यू जर्सीचा १९९५ चा. इथे पहिली सनद, म्हणजे चार्टर, चार वर्षांची. शाळेची प्रगती समाधानकारक नसेल तर नूतनीकरण अडतं. शिक्षक संघटनांचे चार्टरवर आक्षेप आहेत, त्यातले काही मला पटतातही.

आमच्या बाई गणिताच्या उत्तम शिक्षिका. नेतृत्वाचं रीतसर प्रशिक्षण घेऊन आलेल्या. त्याचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला. एका वर्गात आम्ही मागे बसलो होतो. तरुण शिक्षक प्रश्न विचारी आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच देई. तास संपल्यावर बाईंनी बाकी काही काढलं नाही. "प्रश्न विचारलास की मनात पाचपर्यंत मोज," एवढंच म्हणाल्या, आणि लगेच त्याच्याकडून ते करून घेतलं. विद्यार्थी आम्ही दोघी. पहिल्यांदा तो दोनावरच घसरला. नूअर्कच्या चार्टर शाळांत काम केलेल्या पॉल बॅम्ब्रिक-सॅन्टोयो यांनी हीच रीत पुस्तकांतून मांडली आहे: एका वेळी एकच सुधारणा, आणि तिचा तिथल्या तिथे सराव.

पण पैशांचं काय? नेहमीच्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकामागे डिस्ट्रिक्टचं ऑफिस असतं: हिशेब, इमारत, वकील, सगळं. आमच्याकडे हिशेबाचा माणूस अर्धवेळ. पैसा पोरामागे मिळतो, म्हणून १५ ऑक्टोबरच्या पटसंख्येवर सगळ्यांचा जीव टांगलेला. त्या वर्षी काही कुटुंबं घरभाडं परवडेना म्हणून गाव सोडून गेली. बाईंनी माझ्यासमोर जमाखर्चाचा महिनावार तक्ता उघडला, तर फेब्रुवारीचा रकाना लाल. संध्याकाळभर बसून आम्ही नव्या लॅपटॉपची खरेदी जुलैवर ढकलली आणि शाळेच्या इमारतीच्या मालकाशी भाड्याच्या हप्त्यांचं बोलायचं ठरवलं. वाचनाच्या जादा तासांना मात्र बाईंनी हात लावू दिला नाही. निघताना म्हणाल्या, "हे मला कुणी शिकवलंच नव्हतं."

त्यानंतर दर महिन्याला सभेआधी आम्ही दोघी तो तक्ता बघतो. मंडळाला मी एवढंच सांगितलं, की बाईंची सकाळ वर्गांसाठी. बॉयलर, बस, भाडं यांचे फोन आपण वाटून घ्यायचे. नव्या मुख्याध्यापकाला वर्गात जायला वेळ काढून देणं, याहून मोठा आधार मला तरी दिसलेला नाही. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी तक्ता वाचणंही शिकवायला हवं.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत हिशेबनीस, वकील, इंजिनिअर पुष्कळ. न्यू जर्सीत चार्टर शाळेच्या मंडळाची सभा कायद्यानं सर्वांना खुली असते. जवळच्या शाळेत एकदा जाऊन बसा, आणि सभा संपल्यावर मुख्याध्यापकांना विचारा, कुठला फोन मी घेऊ?