खोताचा दिवाणजी

वीस वर्षं वर्गात बोलतोय, त्यामुळे मी लाजाळू आहे असं सांगितलं तर माझे विद्यार्थी हसतील. वर्गात मला लाज वाटत नाही. ती वाटते मोठ्या माणसांत, त्यातही मराठी माध्यमाचे चार शिक्षक समोर असले की. घरी कोकणी, शाळा उर्दू, बी.एड.ला प्रमाण मराठी. न की ण, ल की ळ हे तपासून वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

ही सवय बी.एड.पासूनची. तिथे सूक्ष्म अध्यापन असतं. सहा मिनिटांचा पाठ घ्यायचा आणि आपल्याच वर्गमित्रांनी समोर बसून पाचवी-सहावीची मुलं व्हायचं. मी मास्तर झालो आणि फळ्यावर लिहिता लिहिता ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणालो. मागच्या बाकावरच्या एका ‘विद्यार्थ्या’ने लगेच हात वर केला, “सर, पानी प्यायला जाऊ?” वर्ग हसला, मीही हसलो. पण त्यानंतर भूमिका, नाटक, पथनाट्य असं काही निघालं की मी पडद्यामागचं काम मागून घेऊ लागलो.

म्हणून भाच्याने फोनवर लार्पबद्दल सांगितलं तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. तो इंग्लंडमध्ये शिकतो. तिकडे लोक शनिवार-रविवार जंगलात नाहीतर जुन्या वाड्यात जमतात, प्रत्येक जण एखादं पात्र होतो आणि दिवसभर त्याच पात्राच्या नावाने जगतो. इंग्लंडमध्ये १९८२ साली पेकफोर्टन नावाच्या किल्ल्यात असा खेळ सुरू झाला होता. उत्तर युरोपात तर १९९७पासून त्यावर दरवर्षी परिषद भरते. “मामू, संवाद पाठ करायचे नसतात आणि बघणारं कुणी नसतं. सगळेच खेळतात,” तो म्हणाला. बघणारं कुणी नसतं, हे मात्र डोक्यात राहिलं.

तसं आपल्याकडे बहुरूपी होताच की. रोह्यात लहानपणी तो हवालदार होऊन थेट दारात यायचा, वॉरंट काढायचा आणि आम्ही पलंगाखाली. रंगमंच नाही, तिकीट नाही. पण तिथे खेळणारा तो एकटा, आम्ही फक्त घाबरणारे.

मागच्या फेब्रुवारीत पेणच्या काही शिक्षक मित्रांनी ठरवलं की मुलांना चरीचा संप शिकवायचा तर आधी आपण खेळून बघू. इतिहासाच्या पुस्तकापलीकडे हा संप फारसा कुणाला ठाऊक नाही, आणि तो घडला आपल्याच जिल्ह्यात. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी सभा झाली. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरवलं, खोताची जमीन कसायची नाही. १९३९पर्यंत त्यांनी ती कसली नाही. घरात भात नाही, म्हणून लाकडं विकून, खाडीतली मासळी पकडून माणसं जगली. मधल्या काळात, १९३७ साली, डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने गेली ती मात्र स्वातंत्र्यानंतर.

मी हो म्हटलं आणि पस्तावलो. रविवारी रोह्याहून दिवा मेमूत बसलो. नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा पोटात असा गोळा आला की उतरून परतीची गाडी धरावी, घरी ताप आला म्हणून कळवावं. उतरलो नाही, कारण टोपी पिशवीत होती. काळी टोपी, खास धाकट्या भावाकडून मागून आणलेली. आता तो विचारणार, कशी झाली?

पेणच्या बाहेर एका वाडीत आंब्याखाली आम्ही चौदा जण होतो. खेळ बसवणाऱ्या बाईंनी दोन-तीन गोष्टी नीट सांगितल्या. कुणी ‘थांब’ म्हटलं की त्या क्षणी खेळ थांबणार, कारण विचारायचं नाही. खेळातलं भांडण खेळातच राहणार. मी हळूच म्हटलं, मला बोलायचं कमी असलेलं काही द्या. त्यांनी मला खोताचा दिवाणजी केलं आणि हातात एक चोपडी दिली. “तुम्ही फक्त लिहा. लोक आपणहून तुमच्याकडे येतील.” नवख्याला द्यायला याहून चांगली भूमिका नाही. हाताला काम होतं आणि मान खाली घालायला निमित्त.

पहिली पंधरा मिनिटं मी खरोखर लिहितच होतो. मग अलिबाग तालुक्यातले एक आगरी सर कूळ बनून समोर उभे राहिले. यंदा खंड देणार नाही म्हणाले. आणि माझ्या तोंडून निघालं, “मंग गेल्या सालची बाकी कोन देनार, तुजा बापूस?”

कोन. तुजा. बापूस. घरातली, अम्मीची भाषा. स्टाफरूममध्ये वीस वर्षं दाबून ठेवलेली. कुणी हसलं नाही. सर त्याच सुरात म्हणाले, “बापूस मेला माजा. बाकी त्यालाच इचार.”

पुढचा तासभर मी टोपी सारखी करत कुळांना दटावत होतो आणि, कबूल करतो, मजा येत होती. दुसऱ्या फेरीत साल १९३५. कुळांच्या घरी खायला नाही. मला चिठ्ठी आली की एखाद्या कुळाला गुपचूप फोडायचं. मी सरांना बाजूला घेतलं, म्हटलं निम्मा खंड माफ करतो, फक्त तू नांगर धर. सर काही बोलले नाहीत. जमिनीकडे बघत राहिले, इतका वेळ की शेवटी मीच ‘थांब’ म्हणालो.

नंतर गोल बसून प्रत्येकाने काय वाटलं ते सांगायचं होतं. सर म्हणाले, त्यांची आजी त्या वर्षांत डोक्यावर मोळी घेऊन बाजारात जायची, हे त्यांनी लहानपणी ऐकलं होतं. माझी पाळी आली. मी म्हटलं, छान वाटलं. एवढंच.

खरं असं की माझे नाना रेवदंड्याकडच्या एका खोताकडे हिशेब लिहायचे. आमच्याकडे ही गोष्ट ‘नाना मुन्शी होते’ अशी अभिमानाने सांगतात. कुणाचा हिशेब, ते सांगत नाहीत. त्यांची एक चोपडी रोह्याच्या घरी पेटीत आहे, वाळवीने कडा खाल्लेली.

एसटी स्टँडपर्यंत सर आणि मी चालत आलो. वाटेत पोह्यांचं दुकान लागलं, त्यांनी दोन किलो घेतले, मला एक घ्यायला लावले. अलिबागची गाडी लागली होती. ते चढायच्या आत मी सांगून टाकलं. प्रमाण मराठीत सुरुवात केली आणि अर्ध्या वाक्यात घरच्या बोलीवर आलो.

सरांनी पायरीवरचा पाय खाली घेतला. कंडक्टरने घंटी दिली, तरी ते तिथेच उभे.

“त्यात कुळांची नावं हायेत?” त्यांनी विचारलं.

“हायेत. मी कधी नीट वाचली नाय.”

“मंग पुढच्या रविवारी मी रोह्याला येतो,” ते म्हणाले. “दोगं मिळून वाचू.”