यादी लागेपर्यंत : जळगाव, धुळे, चाळीसगाव

जून सरतो, कापसाची लागवड उरकते आणि खानदेशात घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "लागना का नंबर?" उत्तरही ठरलेलेच असते, "आजून यादी नही लागनी." ज्या घरात दहावी-बारावी झालेले पोर आहे त्या घरात दोन महिने दुसरा विषय नसतो. पावसाची वाट आणि यादीची वाट एकाच वेळी पाहावी लागते. पावसाचे निदान आभाळाकडे पाहून काही समजते. यादीचे तसे नाही. म्हणून कोणी म्हणते नशीब, कोणी म्हणते वशिला, आणि ज्याला काहीच सुचत नाही तो घाबरून मिळेल तेथे पैसे भरून मोकळा होतो.

२०२५ च्या जुलै महिन्यात आम्ही जळगावहून धुळ्याला गेलो होतो. आमच्या भाचीला अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा होता. मेहुणे मार्केट यार्डात हमाली करतात, ताई चार घरची कामे करते. फोनवर ताई म्हणाली, "दादा, पसंतीक्रम भरायचा आहे म्हणतात. आमच्या घरात कोणाला त्यातले कळत नाही. तुम्ही या." अशी हाक आली की आम्हाला राहवत नाही.

जळगावच्या नव्या बसस्थानकावरून धुळ्याची गाडी पकडली. एस.टी. त त्या दिवसांत मायबापांचीच गर्दी जास्त. प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची फाईल. तीत गुणपत्रक, दाखला, आधार कार्ड आणि झेरॉक्सचा गठ्ठा. २०२३ च्या मार्चपासून बायांना एस.टी. चे तिकीट अर्धे झाले. त्यामुळे पूर्वी बापच एकटा जायचा, आता आईही सोबत निघते. ही चांगली गोष्ट झाली. कारण कागद कोणत्या डब्यात ठेवला आहे, हे घरात आईलाच ठाऊक असते.

गाव सुटले की गिरणेचा पूल लागतो आणि पलीकडे बांभोरीच्या बाजूला टेकडीवर विद्यापीठ दिसते. १५ ऑगस्ट १९९० रोजी हे विद्यापीठ सुरू झाले. त्याआधी खानदेशातली कॉलेजे पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. २०१८ साली विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेली, शाळेची पायरी न चढलेली शेतकरी बाई, आणि तिच्या नावाने आज पोरांना पदव्या मिळतात!

या विद्यापीठाचा आणि आपल्या पोरांच्या नंबराचा जवळचा संबंध आहे. अभियांत्रिकीच्या बऱ्याच कॉलेजांत शंभरातल्या सत्तर जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना आणि तीस बाहेरच्यांना, अशी वाटणी असते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे आपले घरचे क्षेत्र. म्हणून पुण्यातल्या एखाद्या कॉलेजात पुण्याच्या मुलाला जेवढ्या गुणांवर जागा मिळते तेवढ्यावर आपल्या पोराला मिळेलच असे नाही; पण घरच्या क्षेत्रात त्याची बाजू भक्कम असते. शेजारच्या पोराला पुण्यात मिळाले, मग आपल्याला का नाही, अशी तुलना करून पोराला बोल लावण्यापूर्वी हा हिशेब पाहावा.

एरंडोल गेले, पारोळा आला. शेजारी बसलेल्या एका बाईंची मुलगी दहावी झाली होती. अकरावीचा प्रवेश पूर्वी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांतच संगणकावर होत असे. २०२५-२६ पासून तो साऱ्या महाराष्ट्राला लागू झाला. आतापर्यंत आपल्याकडे ज्या कॉलेजात जायचे तेथे फॉर्म घ्यायचा आणि त्याच कॉलेजच्या भिंतीवर यादी वाचायची, अशी रीत होती. आता एकाच अर्जात दहापर्यंत कॉलेजे लिहायची आणि मोबाइलवर निरोपाची वाट पाहायची. पहिलेच वर्ष असल्याने वेळापत्रकही पुढे ढकलले गेले. बाई म्हणाल्या, "पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं, पण ते लांब पडतं. सोडून दिलं. दुसऱ्या यादीत जवळचं लागेल ना?" आम्हाला वाईट वाटले. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले आणि घेतले नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर बसावे लागते, सर्वांसाठी खुली फेरी येईपर्यंत थांबावे लागते. हा नियम त्यांना कोणी सांगितला नव्हता. कॅफेवाल्याने पन्नास रुपये घेऊन फॉर्म भरला आणि कॉलेजांची नावे त्याच्या मनाने लिहिली. दोष त्या माउलीचा नाही. पण वर्ष तिच्या मुलीचे आहे.

धुळे हे रस्त्यांचे गाव. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता येथे एकमेकांना छेदतात. गावाजवळच लळिंगचा किल्ला आणि त्या परिसरात लांडोर बंगला आहे. १९३७ साली बाबासाहेबांचा तेथे मुक्काम झाला होता. त्याची आठवण म्हणून दरवर्षी ३१ जुलैला तेथे समाज जमतो. हा दिवस नेमका प्रवेशाच्या धामधुमीत येतो.

ताईच्या घरी पोचलो तेव्हा भाची कागद पसरून बसली होती. तिचे एक काम मात्र आधीच झालेले होते, जात वैधता प्रमाणपत्र. लोक त्याला व्हॅलिडिटी म्हणतात. ती अकरावी विज्ञानला असतानाच तिच्या शिक्षिकेने कॉलेजमार्फत अर्ज करायला लावला होता. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आमच्या लोकांत आजोबा-पणजोबा शाळेत गेलेले कितीसे असणार? तिच्या पणजोबांचा शाळेचा दाखला नव्हताच. मेहुण्यांनी गावी तीन खेपा घातल्या, दोन दिवसांची मजुरी बुडवली, आणि शेवटी कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, जन्माची नोंद सापडली. जुन्या नोंदीत जात एका शब्दात, १९५६ नंतरच्या कागदावर बौद्ध, आणि दोन्ही माणसे एकाच घरातली, हे जुळवून दाखवावे लागते. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्राच्याही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या. हक्क कायद्याने आला, पण तो हातात पडतो तो कागदाने. ज्यांनी हा कागद बारावीच्या निकालानंतर शोधायला घेतला त्यांना यादीची वाट आणि व्हॅलिडिटीची वाट, अशा दोन वाटा एकदम पाहाव्या लागतात.

रात्री जेवणे झाल्यावर पसंतीक्रम भरायला बसलो. भाचीला जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय मनापासून हवे होते. १९९६ पासूनचे ते सरकारी कॉलेज. पण शेजारच्या एका शहाण्याने तिला सांगितले होते, "ते वर लिहू नको, नाही मिळालं तर खालचंही हातचं जाईल." मेहुणेही म्हणाले, "मिळेल तेच वर लिहू." असा समज फार घरांत आहे, म्हणून येथे मुद्दाम लिहितो.

संगणक गुणवत्ता यादीतला एकेक क्रमांक घेतो आणि त्या मुलाची पसंती वरून खाली वाचत जातो. त्याच्या क्रमांकाला आणि प्रवर्गाला पहिल्या कॉलेजात जागा असेल तर ती देतो. नसेल तर दुसरे पाहतो, मग तिसरे. वरचे मिळाले नाही म्हणून खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही. मात्र खालचे कॉलेज घाबरून वर लिहिले आणि तेच मिळाले, तर खरे हवे असलेले कॉलेज संगणक पाहतच नाही. म्हणून यादी आपल्या इच्छेच्या क्रमाने लिहावी, भीतीच्या क्रमाने नव्हे. आणि जे कॉलेज मिळाले तरी जाणार नाही, ते लिहूच नये.

भाचीने विचारले, "मामा, लवकर फॉर्म भरणाऱ्यांचा नंबर आधी लागतो का?" अमेरिकेत काही कॉलेजांत अर्ज येतील तसे ते तपासून एकेकाला होय-नाही कळवतात. तेथे लवकर येणाऱ्याला लवकर समजते आणि जागा भरल्या की दार बंद होते. आपल्या फेऱ्यांत तसे नाही. मुदतीच्या आत भरलेला अर्ज पहिल्या दिवसाचा काय आणि शेवटच्या दिवसाचा काय, गुणांचा क्रम तोच राहतो. पण शेवटच्या दिवशी वेबसाइट चालत नाही, वीज जाते, मोबाइलवर ओ.टी.पी. येत नाही. म्हणून दोन दिवस आधी भरून मोकळे व्हावे.

यादी लागेपर्यंतचे दिवस फार जड गेले. मेहुणे कामावर जात, पण दर तासाला फोन. ताईच्या हातून भाजी करपली. याच दिवसांत अनोळखी फोन येतात. "मॅनेजमेंटची शेवटची सीट आहे, आज पैसे भरा, उद्या मिळणार नाही." त्याच गल्लीतल्या एका घराने आदल्या वर्षी असेच दागिने गहाण टाकून पैसे भरले होते, आणि आठ दिवसांनी त्या मुलाचे नाव दुसऱ्या फेरीत शिष्यवृत्तीच्या जागेवर आले. पैसे परत मिळवायला त्यांचे सहा महिने गेले. फेऱ्यांतून घेतलेला प्रवेश ठरलेल्या मुदतीत रद्द केला तर थोडी रक्कम कापून फी परत मिळते. पावती न देता घेतलेल्या पैशाला मात्र कोणताच नियम लागत नाही.

पहिली यादी लागली. भाचीला पाचवा पर्याय मिळाला, खासगी कॉलेज. पोर कोपऱ्यात जाऊन रडू लागली. मेहुण्यांना वाटले, संपले. पण यादी एक नसते. २०२५-२६ साली अभियांत्रिकी पदवीच्या चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागे, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी मिळाला तर, तिसऱ्यात पहिल्या सहांपैकी. भाचीचा पाचवा असल्याने तिने ती जागा राखून ठेवली आणि पुढच्या फेरीत चांगल्या पर्यायाची वाट पाहायची असे नोंदवले. वरचे मिळाले तर खालचे आपोआप सुटते, वरचे नाही मिळाले तर हातचे राहते. एवढे समजल्यावर त्या घरात त्या रात्री सगळे जेवले.

परतताना आम्ही रेल्वेने निघालो. धुळ्याहून चाळीसगावला गाडी येते आणि तेथून जळगावची गाडी मिळते. चाळीसगावच्या फलाटावर उतरलो की आम्हाला १९२९ साल आठवते. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब तेव्हा खानदेशात आले होते. धुळ्याच्या लाइनवरच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून ते येथे परतले. वस्तीतली माणसे स्टेशनवर हार घेऊन उभी होती, तरी त्यांना तासभर थांबावे लागले. एकही टांगेवाला अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला आपलाच माणूस बसला. त्याने कधी टांगा हाकला नव्हता. नदीच्या फरशीवर चाक दगडात अडकले, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

त्या माणसाच्या प्रेमात काही उणे नव्हते. उणे होते ते हाकण्याच्या सरावात, आणि तो सराव त्याला कोणी मिळू दिला नव्हता. आज प्रवेशाचा टांगा हाकायला कोणी नाही म्हणत नाही. पैसे देऊन कोणीही बसतो. पण हाकणाऱ्याला आपल्या पोराची इच्छा ठाऊक नसते, आणि घरच्यांना लगाम कसा धरायचा ते ठाऊक नसते. यात पोरांची वर्षे मोडतात.

हे शिकणे काही अवघड नाही. प्रत्येक वस्तीत गेल्या दोन-तीन वर्षांत प्रवेश घेतलेली चार मुले-मुली असतात. जूनच्या पहिल्या रविवारी विहारात किंवा समाजमंदिरात त्यांनी दोन तास बसावे. अकरावी-बारावीच्या पोरांचे व्हॅलिडिटीचे कागद आधी पाहावेत, पसंतीक्रम कोऱ्या कागदावर लिहून घ्यावा, आणि नियमपुस्तिका मोठ्याने वाचावी. वसतिगृहाचा अर्जही त्याच दिवशी समजावून द्यावा. कॉलेज लागल्यावर समाजकल्याणच्या वसतिगृहाची यादी निराळी लागते, आणि तीत नंबर न लागलेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. ही दुसरी वाट पहिल्या वाटेइतकीच लांब असते, आणि खोलीचे भाडे परवडत नाही म्हणून मिळालेले कॉलेज सोडणारी पोरे आम्ही पाहिली आहेत.

दुसऱ्या फेरीत भाचीला दुसरा पर्याय मिळाला, जळगावचे सरकारी कॉलेज. पहिला नाही, दुसरा. पण तिने स्वतः लिहिलेला. फोनवर ती म्हणाली, "मामा, आमच्या गल्लीत दोन मुली पुढच्या वर्षी बारावीला आहेत. त्यांचे कागद मी आतापासूनच बघते आहे."