तेलाच्या वाटेने परभणी

फेब्रुवारी उजाडला की आमच्या घरी परभणीचे वेध लागतात. अम्मीचे माहेर परभणीचे. हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस याच महिन्यात भरतो आणि मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून हिंदू-मुसलमान सगळेच तिथे येतात. उरुसाच्या निमित्ताने नानीची भेट होते, मामूंच्या शेतावर एक दिवस जातो आणि वर्षभराच्या गोष्टी होतात.

आम्ही राहतो मुंबईत, चेंबूरच्या बाजूला. गच्चीवर उभे राहिले की माहूलच्या तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या आणि त्यांच्या टोकावरची ज्योत दिसते. यंदा निघायच्या आदल्या रात्री धाकट्या मुलीने शाळेची वही पुढे केली. प्रकल्पाचा विषय होता ‘खनिज तेलाचे उपयोग’. तिने चार ओळी लिहिल्या होत्या : पेट्रोल, डिझेल, रॉकेल, गॅस. पाचवी ओळ सुचत नव्हती. आम्ही म्हणालो, ‘‘वही बरोबर घे. पाचवी ओळ वाटेत सापडेल.’’

माहूल ते मनमाड

पहाटेच्या लोकलने सीएसएमटी गाठले आणि तपोवन एक्स्प्रेसमध्ये बसलो. खिडकी मिळाल्यावर मुलांना तेलाची गोष्ट सांगायला घेतली.

माहूलला येणारे कच्चे तेल दोन ठिकाणचे. काही आपल्याच समुद्रातले. १९७४ साली ‘सागर सम्राट’वरून खोदताना मुंबई हायचे तेल लागले आणि १९७६ पासून ते निघू लागले. बाकीचे परदेशातून जहाजाने येते, त्यात आखाती देशांचा वाटा मोठा. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक आपण बाहेरूनच आणतो. हे तेल बॅरलमध्ये मोजतात, एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर.

कच्चे तेल जसेच्या तसे फारसे कामाचे नसते. ते साधारण साडेतीनशे अंशांपर्यंत तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. हलकी वाफ वर चढते, जड भाग खाली राहतो. सर्वांत वर स्वयंपाकाचा गॅस, मग पेट्रोल आणि नाफ्था, त्याखाली रॉकेल आणि विमानाचे इंधन, मग डिझेल, त्याखाली वंगण आणि मेण, आणि तळाशी डांबर. एकाच हंडीत शिजलेले, पण दर थराला वेगळा पदार्थ!

हे तंत्र फार जुने आहे. इराणातल्या रय शहराचे हकीम अबू बक्र राझी यांनी हजारेक वर्षांपूर्वी आपल्या ‘किताबुल असरार’मध्ये कच्चे तेल भट्टीवर उकळून, वाफ थंड करून त्यापासून दिव्याचे स्वच्छ तेल काढण्याची रीत लिहून ठेवली. अरबीत अशा तेलाला ‘नफ्त’ म्हणतात. ‘नाफ्था’ हा शब्द त्याच कुळातला. मुलीने वहीत राझींचे नाव लिहिले आणि विचारले, ‘‘मग पेट्रोल आपलेच का?’’ आम्ही हसलो. ज्ञान सगळ्यांचेच असते, एवढे सांगितले.

कसारा घाट चढून, नाशिक मागे टाकून गाडी मनमाडला आली. इथे तेलाची वाट आणि आमची वाट काही वेळ एकत्र येतात. माहूलहून जमिनीखालून सुमारे अडीचशे किलोमीटर लांबीची नळी मनमाडजवळच्या पानेवाडीला येते. पेट्रोल-डिझेल या नळीतून पळत येते आणि पानेवाडीच्या टाक्यांत साठते. तिथून पुढे मात्र नळी परभणीकडे येत नाही. टँकर भरायचा आणि रस्त्याने निघायचे. आमची गाडी अंकाई-टंकाईच्या डोंगरांकडे वळली, टँकर येवला-वैजापूरच्या रस्त्याला लागले.

महाग पेट्रोलचे गाव

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकतो. गेल्या काही वर्षांत परभणीचे नाव देशभर झाले ते एका वेगळ्याच कारणाने. २०१८ च्या सप्टेंबरात इथे पेट्रोलने नव्वदी ओलांडली तेव्हा वृत्तवाहिन्यांवर परभणी झळकली. २०२१ च्या मे महिन्यात इथे लिटरला शंभर रुपये पार झाले, तेव्हा मुंबईची शंभरी अजून व्हायची होती. कारण साधे आहे. मनमाडचा साठा रस्त्याने तीनशे किलोमीटरांहून लांब. टँकरचे भाडे दर लिटरवर चढते. जे शहर तेलाच्या टाकीपासून लांब, त्याच्या खिशाला जास्त चाट.

२०२४ च्या जानेवारीत टँकरचालकांनी संप केला तेव्हा दोन दिवसांतच मराठवाड्यात पंपांवर रांगा लागल्या होत्या. तेव्हा मामूंनी फोनवर सांगितले होते, ‘‘दूधवाला आला नाही, भाजीवाला आला नाही, शाळेची रिक्षाही आली नाही.’’ पेट्रोल फक्त गाडीवाल्यांचे नसते, हे त्या दोन दिवसांत कळले.

जालना, परतूर, सेलू, मानवत रोड करत दुपार कलताना परभणी आली. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने भाडे सांगितले. आम्ही घासाघीस केली नाही.

उरुसाच्या बाजारात

नानीच्या घरी चहा झाला आणि मगरिबनंतर उरुसात गेलो. दर्ग्यात फातिहा पढून बाहेर बाजारात आलो तेव्हा मुलगी म्हणाली, ‘‘आता पाचवी ओळ.’’

मग खेळच सुरू झाला. खेळण्यांची दुकाने : सगळे प्लास्टिक. बांगड्यांची : काचेच्या कमी, प्लास्टिकच्या जास्त. मेंदीचा कोन ज्या चकाकत्या कागदाचा असतो तो कागद प्लास्टिकचा. नव्या बुरख्यांच्या दुकानात अम्मीने ‘निदा’ कापड हातात घेतले. मऊ, काळेभोर, सुरकुती न पडणारे. ते पॉलिएस्टर आणि पॉलिएस्टरचा कच्चा माल खनिज तेलातूनच निघतो. मखमली जानमाज, तसबीहचे हिरवे मणी, चादरींची जर, हारांची चकाकी, सगळे त्याच घराण्यातले. अत्तरवाल्याने अम्मीच्या हाताला अत्तर लावले. बिनअल्कोहोलच्या स्वस्त अत्तरात सुगंध पातळ करायला जी द्रव्ये घालतात, त्यांतलीही काही तेलापासूनच बनतात. पाळण्यांच्या जनरेटरचे डिझेल आणि पायाखालच्या रस्त्याचे डांबर वेगळे सांगायला नकोच.

शेवटी मुलगी म्हणाली, ‘‘यात तेलाचे नसलेले काय?’’ आम्ही चौघांनी शोधले. रेवड्या, खजूर, मातीची मडकी, सुती टोपी. यादी तिथेच संपली. खजूरही प्लास्टिकच्या पिशवीत होते.

घरी आल्यावर नानीने तिच्या काळाची यादी सांगितली. तिच्या लहानपणी परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. घरात तेलाची वस्तू एकच : चिमणीतले घासलेट. तेही जपून वापरायचे. इशा झाली की वात खाली. ‘‘आता दिवा सोडून सगळेच तेलाचे झाले,’’ नानी म्हणाली. पण मग तिनेच स्वतःच्या हाताकडे पाहिले. मागच्या पावसाळ्यात ती आजारी पडली तेव्हा त्या हातात सलाइन होते. सलाइनची बाटली, नळी, सुई लावायची सिरिंज, तापाची पॅरासिटामोलची गोळी, यांचा उगमही पेट्रोरसायनांत आहे. चष्म्याची काचही आता प्लास्टिकची. नानी म्हणाली, ‘‘म्हणजे वाईट तरी कसे म्हणू?’’

मामूंच्या शेतात

दुसऱ्या दिवशी जिंतूर रस्त्यावर मामूंच्या शेतावर गेलो. काळी कसदार जमीन. एका बाजूला हरभरा, पलीकडे ज्वारी. आणि मधल्या दोन एकरांत जे आम्ही आधी कधी पाहिले नव्हते : चंदेरी कागदाचे लांबच लांब पट्टे आणि त्यांच्या भोकांतून पसरलेले टरबुजाचे वेल. आम्ही मुंबईकर ‘कलिंगड’ म्हणालो तर मामेभावंडे हसली.

रमजान जवळ आला होता. इफ्तारला टरबूज हवेच, म्हणून भाव चांगला मिळेल या हिशेबाने मामूंनी लागवड केली होती. हा सगळा हिशेब मामूंचा धाकटा मुलगा मांडतो. त्याने परभणीच्या कृषी विद्यापीठात शिक्षण घेतले आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा परभणीकरांना अभिमान आहे. ‘परभणी मोती’ ही रब्बी ज्वारी इथलीच.

धाकट्याने मुलांना फिरवून दाखवले. चंदेरी कागद म्हणजे मल्चिंग पेपर. नावाला कागद, खरे तर पॉलिथिन. त्याने ओल टिकते आणि तण उगवत नाही. त्याखालून ठिबकच्या नळ्या गेल्या होत्या, त्याही पॉलिथिनच्या. विहिरीपासूनचा पाइप पीव्हीसीचा. नांगरट डिझेलच्या ट्रॅक्टरने. युरिया नैसर्गिक वायूपासून, म्हणजे तेलाच्या सख्ख्या भावापासून. कीटकनाशके पेट्रोरसायनांची. मुलीने पाचव्या ओळीपासून सुरुवात केली आणि पान संपले.

‘‘यात मराठवाड्याचा फायदा काय, ते पण लिही,’’ धाकटा म्हणाला. ‘‘पाटाने जे पाणी एका एकराला लागायचे, त्यात ठिबकवर जास्त रान भिजते. आमच्याकडे पाणी तेलापेक्षा महाग आहे.’’

बांधाच्या कडेला एक काळा डाग होता. शेजारच्या रानात कोणी मागच्या हंगामाचा कागद जाळला होता. जळलेले प्लास्टिक मातीत घट्ट चिकटले होते. जो कागद पिकाला ओल देतो, तोच तुकडे होऊन जमिनीत राहिला तर पुढच्या पेरणीला आडवा येतो. जाळला तर विषारी धूर आपल्याच घरात येतो. दरसाल हे होत राहिले तर ही काळी जमीन नातवंडांना कशी मिळेल, या विचाराने मामू अस्वस्थ होते.

दम्मामचा फोन

रात्री जेवण चालू असताना भाईजानचा फोन आला. मामूंचा मोठा मुलगा नऊ वर्षे सौदीत, दम्मामला आहे. पाइप जोडण्याचे काम करतो. त्याच दम्मामच्या परिसरात १९३८ साली सात नंबरच्या विहिरीतून तेल उसळले आणि सौदीचे नशीब पालटले. परभणीतल्या कितीतरी घरांप्रमाणे मामूंच्या घराची वरची खोलीही त्याच तेलाच्या पैशाने बांधली आहे.

फोनवर मुमानी रडल्या नाहीत, पण ‘‘ईदला येशील ना?’’ हे त्यांनी तीनदा विचारले. भाईजानने आपल्या मुलीचा आवाज ऐकला. ती आता पाच वर्षांची आहे. बापाला तिने प्रत्यक्ष तीनदाच पाहिले आहे.

फोन ठेवल्यावर मामू म्हणाले, ‘‘तेल का पैसा तेल मेंच गया, बेटा.’’ मग बोटांवर मोजून दाखवले. दम्मामहून आलेल्या पैशातून ठिबकच्या नळ्या घेतल्या, मल्चिंग पेपर घेतला, ट्रॅक्टरवाल्याचे डिझेल दिले, खत घेतले. मुलगा तिकडे तेलासाठी घाम गाळतो आणि त्याची कमाई तेलाच्याच वस्तूंत परत जाते, तीही लांबच्या टोकाला, महाग दराने.

आणि मग खरी गोष्ट निघाली. धाकट्याचाही पासपोर्ट तयार होऊन आला होता. त्याला एजंटाने सौदीचे काम सांगितले होते. टरबुजाने साथ दिली तर राहायचे, नाही तर जायचे. मामूंनी आमचे मत विचारले. आम्ही मुंबईचे पगारदार, आमचे मत काय मोलाचे? अम्मी एवढेच म्हणाली, ‘‘एक मुलगा आधीच दिला आहे.’’

नानी कोपऱ्यात वजू करून बसली होती. ती म्हणाली, ‘‘आम्हाला शिकवले होते, नदीकाठी बसलात तरी वजूचे पाणी सांडू नका. पाणी कमी पडेल म्हणून नाही, इसराफ करू नये म्हणून. तुमच्या तेलालाही तोच नियम लावा.’’

परतीच्या गाडीत आम्ही यावरच बोलत होतो. जमिनीने हे तेल कोट्यवधी वर्षांत तयार केले. त्यातले बहुतेक आपण जाळून टाकतो, उरलेल्यातून सलाइनच्या नळीसारखी उपयोगी वस्तू होते आणि पाच मिनिटांत फेकायची पिशवीही होते. २०१८ पासून महाराष्ट्रात पातळ पिशव्यांवर बंदी आहे, तरी उरुसात प्रत्येक दुकानात त्या होत्या आणि आम्हीही घेतल्या होत्या. तेलाशिवाय आज घर चालणार नाही, हे खरे. पण कोणते तेल गरजेचे आणि कोणते नुसते सांडलेले, हे घरातल्या घरात ठरवता येते. यंदाच्या रमजानमध्ये आमच्या घरी इफ्तारला प्लास्टिकचे पेले आणि ताटल्या आणल्या नाहीत. मोहल्ल्यातल्या दोन घरांनीही तेच केले.

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात मामूंचा फोन आला. टरबूज निघाले होते, पहिली गाडी वाशीला रवाना झाली होती. ‘‘डिझेल पिऊन गेली,’’ मामू हसून म्हणाले. भाव ठीक लागला होता, फार नाही. आम्ही पासपोर्टचे विचारले. तो अजून कपाटातच होता.

मग धाकट्याने फोन घेतला. म्हणाला, ‘‘तुमच्या मुलीला सांगा, वेल काढल्यावर कागद झटकून, गुंडाळून ठेवणार आहे. भंगारवाला माती लागलेला घेत नाही, म्हणून दोन दिवस जास्त लागतील. पण जाळणार नाही.’’

मुलीने वही पुन्हा उघडली आणि शेवटच्या पानावर तेही लिहून घेतले.