शिट्टी झाली की आच बारीक

मलकापूर आणि नांदुरा यांच्यामध्ये, राष्ट्रीय महामार्ग ५३ ला लागून वडनेर भोलजी आहे. इथे तूर शेतातली आणि वरण रोजचं. तरी डाळ शिजणं कुणी गृहीत धरत नाही. नांदुरा तालुक्याची उत्तरेकडची बाजू पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात जाते. तिकडच्या बोअरच्या पाण्यात डाळ तासभर रटरटली तरी दाणा अख्खाच. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला आवळून धरतं. मग एक तर गोडं पाणी डाळीपुरतं राखायचं, नाहीतर चिमूटभर खायचा सोडा टाकायचा. सोड्यानं डाळ गळते, पण ब-१ जीवनसत्त्व जातं आणि हात जरा सैल पडला की वरणाला साबणाची चव येते.

कुकरची खरी कमाई अशा घरात कळते. उघड्या गंजाखाली कितीही जाळ घाला, पाणी १०० अंशांच्या वर चढत नाही. झाकण बंद झालं की वाफ कोंडते. दर चौरस सेंटीमीटरला एक किलो जादा दाब झाला की आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास पोचतं. वीसच अंश, पण तेवढ्यात पेक्टिन झपाट्यानं सुटतं. देनी पापँ यानं १६७९ मध्ये असं भांडं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं, तेव्हा हाडंसुद्धा मऊ होतात याचंच अप्रूप होतं. आपल्याकडे हॉकिन्स आणि प्रेस्टिज, दोन्ही कुकर १९५९ चे.

मात्र कुकर लावणं म्हणजे शिट्ट्या मोजणं, असं बहुतेक घरांत मानतात. तुरीला चार, हरभऱ्याला सहा. हिशेब सोयीचा, पण कच्चा. शिट्टीतून फक्त जादा झालेली वाफ निघून जाते. आच मोठी असली तर शिट्ट्या भराभर होतात, बेताची असली तर होतही नाहीत, आणि आतलं तापमान दोन्ही वेळा जवळपास तेवढंच असतं. म्हणून जाणती बाई पहिल्या शिट्टीला आच बारीक करते आणि घड्याळाकडे बघते. भिजवलेल्या तुरीला सात-आठ मिनिटं पुरतात, पाणी जड असेल तर थोडी जास्त. मग गॅस बंद, आणि कुकर आपसूक पडू द्यायचा. त्या कोंडलेल्या वाफेतही डाळ शिजतच असते. उघड्या भांड्याच्या मानानं भाताला २० टक्के आणि भिजवलेल्या डाळीला ४६ टक्के इंधन वाचतं, असं पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन सांगत आली आहे. डाळीवर भाताचा डबा ठेवला तर एका आचेत दोन कामं.

नखरे कुकरचेही आहेतच. डाळ निम्म्यावर भरली की फेस वर येऊन शिट्टीची नळी तुंबवतो. तेलाचे दोन थेंब त्यासाठीच. डाळभाजीतला आंबटचुका डाळीबरोबर शिजायला टाकला की डाळ अडून बसते, कारण आंबटानंही पेक्टिन आवळतं. चुका मागून, वेगळा परतून घालावा.

वांग्याची भाजी मात्र कुकरमध्ये करू नये. लगदा होतो. घरच्या वरण-बट्टीच्या बेतात बट्ट्या अंगणात गोवऱ्यांवर, वांगी उघड्या गंजात आणि वरणाची डाळ आत पाच लिटरच्या कुकरमध्ये, अशी वाटणी होते. पंगत शे-दोनशे पानांची असली तर तेवढा कुकर कुणाच्या घरी नसतो. मग डाळही चुलाणावर चढते आणि आचारी आधी पाणी कुठलं ते विचारतो.