पट्ट्यावरचा फ्लॅट: लाखांदूरच्या रोजनिशीतील पाने

२५ ऑक्टोबर २०२५

भाऊबिजेला आलेली ताई अजून इथेच आहे. आज दुपारी तिने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. भाची नागपुरात एका दवाखान्यात नर्स आहे आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. तिच्यासाठी दुसऱ्या मजल्यावरचा जुना फ्लॅट पाहून ठेवला आहे. पैसा उभा करायचा म्हणजे इटियाडोहच्या कालव्याखालच्या बांध्या विकायच्या. गिऱ्हाईकही तयार आहे.

"भाऊ, तू फक्त कागद पाहून दे. तो दलाल म्हणते का सारं क्लिअर आहे."

तहसीलच्या आवारात बसून दस्त लिहिण्यात माझे आयुष्य गेले. विक्रीपत्रे, वाटणीपत्रे, मृत्युपत्रे, बक्षीसपत्रे, सगळे लिहून झाले. दस्त हातात आला की माझी नजर आधी मिळकतीच्या वर्णनावर जाते, किमतीचा आकडा मी नंतर पाहतो. इथे वर्णनातच लिहिले आहे की भूखंड पट्ट्याने धारण केलेला आहे. दलालाने ही ओळ ताईला वाचून दाखवली नव्हती.

२७ ऑक्टोबर

सकाळपासून कागद लावत बसलो. एक सार्वजनिक संस्था भूखंडाची मालक आहे. तिने मूळ पट्टेदाराला १ एप्रिल १९८८ पासून ३० वर्षांचा नोंदणीकृत पट्टा दिला. त्यावर २००४ मध्ये इमारत उभी राहिली आणि फ्लॅट विकले गेले. आत्ताचा विकणारा तिसरा खरेदीदार आहे. त्याच्या नावचे विक्रीपत्र आहे, रजिस्ट्री आहे, कर पावत्या आहेत, वीजबिल आहे. पट्टा मात्र ३१ मार्च २०१८ ला संपला, आणि नूतनीकरणाचा एकही कागद गठ्ठ्यात नाही.

भुईभाड्याच्या पावत्या २०२१ पर्यंतच्या आहेत. दलाल त्यांच्याच जोरावर बोलतो. भाडे घेतले म्हणजे पट्टा चालू आहे, असे त्याचे म्हणणे. हे खरे नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ११६ प्रमाणे मुदत संपल्यावर पट्टेदार ताब्यात राहिला आणि मालकाने भाडे स्वीकारले, तर पट्टा पुढे चालतो. पण तो वर्षावर्षाचा किंवा महिन्यामहिन्याचा असतो, आणि दोहोंपैकी कोणता हे जागा कशासाठी दिली त्यावर ठरते. राहत्या घराची जागा महिन्याच्या हिशोबात येते. कराराने वेगळे ठरवले असेल तर गोष्ट निराळी. पावतीतून ३० वर्षे नवी मिळत नाहीत. त्यासाठी नूतनीकरणाचा दस्त हवा. एका वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदणीशिवाय होत नाही, हे त्याच कायद्याचे कलम १०७ सांगते.

ताईला समजावले, "आपण वावर ठेक्याने घेतो. ठेका संपला आणि मालकाने पुढच्या हंगामात नांगर अडवला नाही, म्हणून वावर आपलं होते का?" ती लगेच म्हणाली, "नाही होत." याहून अधिक काही सांगावे लागले नाही.

२९ ऑक्टोबर

ताईला हे चटकन समजले याचे मला नवल नाही. आमच्या भागातल्या माणसाला जमिनीचे वर्ग कळतात. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-२' दिसला की परवानगीवाचून ती जमीन विकता येत नाही, हे अंगठा लावणारा म्हाताराही सांगेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २९ मध्ये भोगवटादारांचे वर्ग १ आणि २ आहेत, आणि त्यांच्यापासून वेगळा सरकारी पट्टेदारही आहे. गावात सातबारा पाहणारी तीच माणसे शहरात गेली की फरशी, नळ आणि पार्किंग पाहून इसार देतात. सातबारा तिथे नसतो आणि त्याऐवजी असणारी आखीव पत्रिका कोणी मागत नाही. पायाखालची जमीन कोणाची, हे विचारायचेच राहते.

ते विचारायची गरज किती आहे हे याच वर्षी सगळ्या पूर्व विदर्भाला कळले. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनीच ठरवल्या. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतले ८६,४०९ हेक्टर. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जागांसाठी केंद्राकडून मंजुरी घेण्याची वाट न्यायालयाने मोकळी ठेवली. त्या जमिनींवर घरे, शाळा, कचेऱ्या उभ्या आहेत. त्यांत राहणाऱ्यांनी कोणाला फसवले नव्हते. त्यांच्या जमिनीचा कागद मात्र घराहून वेगळे बोलत होता.

३ नोव्हेंबर

भाचीबरोबर नागपुरात. वडशाहून निघायला उशीर झाला म्हणून एकच काम झाले: पट्टा देणाऱ्या कार्यालयातून काय काय मागायचे ते ठरवले आणि अर्ज दिला. मूळ पट्ट्याची प्रमाणित प्रत, भुईभाड्याची थकबाकी, नूतनीकरणाचा अर्ज आला आहे का, हस्तांतरणाला ना हरकत लागते का आणि तिचे शुल्क किती, शर्तभंगाची नोटीस निघाली आहे का. तोंडी उत्तरावर विसंबायचे नाही. जे असेल ते लेखी.

नागपुरातल्या पट्ट्याच्या जमिनींची तऱ्हा एक नाही, आणि दलाल ती मुद्दाम एक करून सांगतो. नझूलची जमीन सरकारची, तिचे धोरण महसूल खात्याकडून येते. विदर्भातले निवासी नझूल पट्टे मालकी हक्काने करून घेण्यासाठी आधी बाजारमूल्याच्या पाच टक्के अधिमूल्य होते. २०२४ च्या विशेष अभय योजनेत ते दोन टक्क्यांवर आले. नागपूर सुधार प्रन्यासाचे भूखंड १९३६ च्या स्वतंत्र कायद्याखाली येतात, त्यांना ही नझूलची सवलत आपोआप लागू होत नाही. मुदतीही एक नाहीत: नवी मुंबईत सिडकोच्या भूखंडाचा पट्टा ६० वर्षांचा, एमआयडीसीचा ९५ वर्षांचा. कोणाच्या जमिनीवर कोणता नियम, हे भूखंडाच्या कागदावरून ठरते. "नागपुरात सारं फ्रीहोल्ड होऊन राहिलं" या एका वाक्यावर लाखो रुपये टाकू नयेत.

६ नोव्हेंबर

धानाचे कडपे उचलायचे म्हणून दिवसभर शेतात. संध्याकाळी आभाळ भरून आले, पुंजणे झाकले. कागदाला हात लागला नाही.

८ नोव्हेंबर

घोषणापत्राची प्रत आली. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खालचे हे घोषणापत्र, आणि नागपूरकडच्या इमारती बहुतेक याच कायद्याखाली असतात. कलम ११ सांगते की त्यात जमिनीचे वर्णन हवे, आणि ती मालकीची की पट्ट्याची हेही लिहिलेले हवे. इथे ते लिहिलेले आहे. म्हणजे विकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, किंवा ठाऊक असायला हवे होते.

इमारतीतल्या बाराही फ्लॅटना जमिनीत अविभक्त हिस्सा आहे, टक्केवारीने. खरी गोम इथे आहे. पट्टा एका फ्लॅटचा नसतो, सगळ्या भूखंडाचा असतो. भाचीने उद्या एकटीने अर्ज केला की माझ्या फ्लॅटपुरते नूतनीकरण करा, तर तो कुठेच बसत नाही. बारा जणांनी मिळून, संघटनेच्या ठरावाने, आपापल्या टक्केवारीने खर्च वाटून घेऊन जावे लागते. त्यात थकबाकी आली, हस्तांतरण शुल्क आले, आणि मुद्रांक शुल्क आले. मुद्रांक कायद्यात २९ वर्षांहून जास्त मुदतीच्या पट्ट्याला बाजारमूल्याच्या ९० टक्क्यांवर विक्रीपत्राच्या दराने आकारणी आहे. संस्थेच्या नूतनीकरणाला शासनाची काही सवलत आहे का, हे नोंदणी कार्यालयात वेगळे विचारायचे. ही रक्कम किमतीत धरलेली नाही. दलालाने सांगितलेली किंमत मालकीच्या जमिनीवरच्या फ्लॅटची आहे.

आणखी एक. पुढची बाल्कनी बंद करून खोली केली आहे, मंजूर नकाशात ती नाही. पट्ट्याच्या शर्तीत परवानगीवाचून बांधकाम वाढवण्यास मनाई आहे. खोली सुंदर आहे, भाचीला तीच आवडली. पण नूतनीकरणाच्या वेळी तपासणीला माणूस आला, तर पहिला शेरा तिथेच पडेल.

११ नोव्हेंबर

मित्राचा मुलगा इंग्लंडला असतो. त्याच्याशी फोनवर बोलणे झाले. तिथे फ्लॅट बहुधा पट्ट्यावरच असतात, आणि मुदत ८० वर्षांच्या खाली गेली की वाढवून घेण्याची किंमत चढते, म्हणून लोक आधीच जागे होतात. मात्र तिथे फ्लॅटधारकाला मुदतवाढीचा हक्क कायद्याने दिला आहे. १९९३ च्या कायद्याने ९० वर्षे वाढवून मिळतात, आणि २०२४ च्या नव्या कायद्यात ९९० वर्षांची तरतूद आहे, अंमल टप्प्याटप्प्याने. मालक नाही म्हणाला तरी लवादासारख्या न्यायाधिकरणाकडे जाता येते.

आपल्याकडे सगळे पट्ट्यातल्या कलमावर आणि त्या त्या संस्थेच्या धोरणावर टांगलेले. भाचीसारख्या पगारावर जगणाऱ्या मुलीने आयुष्याची कमाई आणि आईची जमीन घालून घेतलेले घर असे धोरणाच्या भरवशावर असू नये, असे मला मनापासून वाटते. फ्लॅटधारकांना ठरलेल्या दराने, ठरलेल्या मुदतीत नूतनीकरण मागण्याचा हक्क कायद्यातच असायला हवा. एका फ्लॅटवाल्याने खोडा घातला तरी बहुमताने अर्ज करता यावा.

१४ नोव्हेंबर

लेखी उत्तर मिळाले. नूतनीकरणाचा अर्ज कधी आलेलाच नाही. चार वर्षांचे भुईभाडे थकलेले. शर्तभंगाची नोटीस मात्र नाही, हे बरे झाले. दप्तरी मूळ पट्टेदाराचे नाव अजून तसेच आहे. तो वारला असून त्याचे वारस तिघे आहेत. फ्लॅटधारकांची नोंद तिथे झालेलीच नाही.

कर्जाचे विचारले तर बँकेनेही पट्ट्यावरच बोट ठेवले. कर्जाची मुदत संपल्यावरही पट्टा शिल्लक हवा, नाहीतर तारण कशाचे?

विकणाऱ्याला फोन केला. भला माणूस आहे, त्यालाही हे नीट ठाऊक नव्हते. "काकाजी, बिल्डिंगमधले सारेच असेच रायतात," म्हणाला. मी म्हटले, राहतात हे खरे, पण तुम्हाला विकायचे आहे आणि हिला घ्यायचे आहे, म्हणून प्रश्न तुम्हा दोघांपुढे आधी आला. उद्या प्रत्येकापुढे येईल. तुम्ही बैठक बोलवा.

ताईने सगळे ऐकले आणि जमिनीच्या गिऱ्हाइकाला निरोप धाडला की यंदा व्यवहार नाही. "माझ्या बांध्या वर्ग एकच्या आहेत," एवढेच बोलली.

१७ नोव्हेंबर

काल इमारतीत बैठक झाली. दहा जण आले. नूतनीकरणाचा ठराव आठांनी सही करून दिला, दोघांनी घरी विचारून सांगतो म्हटले. मूळ पट्टेदाराच्या वारसांपैकी एक मुलगी नागपुरातच राहते, ती सही द्यायला तयार आहे. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल आणि वर्तमानपत्रातली जाहीर सूचना, दोन्हींचा खर्च विकणाऱ्याने उचलायचा, हे त्याने मान्य केले.

रात्री इसारपत्राचा मसुदा लिहून काढला. दोन जागी मुद्दाम सविस्तर लिहिले. एक: भूखंडाच्या पट्ट्याचे नूतनीकरण नोंदणीकृत दस्ताने पूर्ण होऊन त्याची प्रत आणि हस्तांतरणाची ना हरकत खरेदीदारास मिळाल्याखेरीज विक्रीपत्र होणार नाही, आणि नूतनीकरणाचा सर्व खर्च, मागील थकबाकी व दंडासह, विकणाऱ्याच्या हिश्शापुरता त्याचा राहील. दोन: वर्षाच्या आत हे न झाल्यास इसाराची संपूर्ण रक्कम विनाकपात परत, आणि बंद केलेली बाल्कनी मंजूर नकाशाप्रमाणे मोकळी करून देणे ही विकणाऱ्याची जबाबदारी. खरेदीदार म्हणून एकट्या भाचीचे नाव, म्हणजे महिलांसाठीची एक टक्का मुद्रांक सवलतही मिळेल. इसाराची रक्कम तिच्या बचतीतून जेवढी निघते तेवढीच ठेवली. मसुदा उद्या नागपूरच्या वकिलांकडे पाठवतो.